फळीआधी जमीन : नागपुरात वुडन फ्लोअरिंगच्या कामात उतरणाऱ्यांसाठी

वुडन फ्लोअरिंगचं काम शिकायला येणारा मुलगा पहिला प्रश्न हमखास फळीचं लॉक, म्हणजे एक फळी दुसरीत अडकवणारी कडेची खाच, कसं बसवायचं हा विचारतो. लॉक अर्ध्या दिवसात हातात बसतं. वेळ लागतो तो फळीखालची जमीन ओळखायला. फळ्या फुगून उचलल्या, चालताना खालीवर झाल्या, सांधे उघडले की ग्राहक फळीला नाहीतर कंपनीला बोल लावतो. असं फ्लोअरिंग उघडून पाहिलं की मला दोष बहुतेक वेळा खालच्या कोब्यातच, म्हणजे सिमेंटच्या जमिनीतच, सापडला आहे, आणि त्यातही ओलीचा सगळ्यात जास्त.

नागपुरात ही ओल ओळखणं अवघड, कारण आपला उन्हाळा फसवतो. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की नवा कोबा दोन-चार दिवसांत पांढराफटक दिसतो. गवंडी म्हणतो, "भाऊ, खडखडीत वाळला आहे." वरचा थर खरंच वाळलेला असतो, पण पोटात पाणी असतं. जमीन उघडी आहे तोवर ते हळूहळू वर येऊन उडून जातं. वर फोम (फळीखाली अंथरायचा पातळ थर) आणि फळी आली की उडायची वाट बंद होते, ओल पूर्ण जाडीत सारखी पसरते आणि लाकडाखाली येऊन थांबते. म्हणून डोळ्यांवर आणि तळहातावर विसंबू नका.

पहिली तपासणी स्वस्त आहे. जाड पारदर्शक पॉलिथिनचा साधारण १८ इंच चौरस तुकडा जमिनीवर ठेवायचा, चारही कडा टेपने पक्क्या बंद करायच्या आणि किमान १६ तास हात लावायचा नाही. ऊन थेट पडणारी जागा घेऊ नका. बेसा भागातल्या एका फ्लॅटमध्ये हॉलचा कोबा सगळीकडे सारखाच कोरडा दिसत होता. सकाळी प्लास्टिक उचललं तर खिडकीजवळचा तुकडा स्वच्छ, आणि बाथरूमच्या भिंतीलगतच्या तुकड्याला आतून बारीक थेंब, खाली सिमेंट काळपट पडलेलं. त्या भिंतीत नळाचा सांधा झिरपत होता. प्लास्टिक लावलं नसतं तर ते पाणी पावसाळ्यापर्यंत फळीखाली मुरत राहिलं असतं.

थेंब आले म्हणजे काम थांबवायचं, हे नक्की. थेंब आले नाहीत म्हणजे जमीन वाळली, असं मात्र समजू नका. खोलवरची ओल प्लास्टिकला कळतेच असं नाही. मोठं किंवा महागड्या लाकडाचं काम असेल तर आर्द्रतेचा प्रोब, म्हणजे काँक्रीटच्या आतली आर्द्रता मोजणारं उपकरण, वापरा. एकाच बाजूने वाळणाऱ्या काँक्रीटमध्ये जाडीच्या ४० टक्के खोल भोक पाडून तो बसवतात, म्हणजे १०० मिमीच्या स्लॅबला ४० मिमी. बऱ्याच कंपन्या लाकडाखालच्या काँक्रीटसाठी प्रोबवर ७५ टक्क्यांच्या आसपासची मर्यादा देतात, तरी खोक्यातल्या सूचनापत्रात असेल तोच आकडा धरा. वेळेचा ढोबळ हिशोब असा की पाणी मारणं थांबल्यापासून दर २५ मिमी जाडीला एक महिना. ५० मिमीच्या कोब्याला दोन महिने, आणि मध्ये आषाढ-श्रावण आले तर त्याहून जास्त. अक्षय तृतीयेचा गृहप्रवेश ठरलेला असतो, घरातली मंडळी घाई करतात. अशा वेळी वाद घालत बसू नका. ते प्लास्टिक त्यांच्यासमोरच उचला.

आता कूलर. बाहेरगावचे इन्स्टॉलर हे विसरतात. इथे होळी झाली की खिडक्यांना डेझर्ट कूलर लागतात आणि बाहेर लाहीलाही होत असताना घरात दमट हवा भरते. हवेची सापेक्ष आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकडातला ओलावा साधारण ६ टक्क्यांवर स्थिरावतो, ८० टक्के असेल तर १६ च्या आसपास. एप्रिलमध्ये बंद, रिकाम्या फ्लॅटमध्ये फळ्या भिंतीला चिकटून बसवल्या आणि आठवड्याने कूलर सुरू झाला, की त्या फुगणारच. म्हणून घरात एसी राहणार की कूलर, हे मोजमाप घेतानाच विचारून ठेवा. खोकी किमान ४८ तास त्याच खोलीत, रोज राहते तशा हवेत आडवी ठेवा. भिंतीपासून १० ते १२ मिमी फट सोडा. कूलर स्टँडवर खोलीतच राहणार असेल तर त्याखालचा कोपरा टाइलचाच राहू द्या, असं मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो.

ओलीनंतर सपाटी. दोन मीटरची सरळ ॲल्युमिनियमची पट्टी जमिनीवर ठेवायची आणि एका टोकाभोवती थोडी थोडी फिरवत पूर्ण खोली तपासायची. पट्टीखाली ३ मिमीचं ड्रिल बिट सरकलं तर तिथे खडूने गोल करा. खड्डा आणि उंचवट्याला वेगळ्या खुणा ठेवा, कारण उंचवटा घासायचा असतो आणि खड्डा भरायचा. पूर्ण खोलीला एकसारखा थोडा उतार असेल तर फळी तो सहन करते. मधेच आलेली लाट सहन करत नाही, लॉक तुटतं. खाली जास्तीचा फोम घालून खड्डा लपवणारे मिस्त्री भेटतील. ते काम शिकू नका. फळी तिथे रोज दबते आणि काही महिन्यांत कुरकुरू लागते.

घासताना कप व्हीलवाला (वाटीसारखं घासायचं चाक लावलेला) ग्राइंडर व्हॅक्यूमला जोडा आणि एन-९५ मास्क लावा. सिमेंटच्या धुळीतली सिलिका फुफ्फुसात साचते आणि निघत नाही. या एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही.

जमिनीवर पडलेल्या पीओपीचा आणि पुट्टीचा प्रत्येक डाग खरवडून काढा. गोंद किंवा लेव्हलर (खड्डे भरून जमीन सपाट करायला ओततात ते पातळ सिमेंटचं मिश्रण) त्या डागाला धरतो, जमिनीला नाही, आणि पपडीसकट निघून येतो. मग पाण्याचे थेंब टाकून बघा. जिरले तर प्रायमर, म्हणजे लेव्हलरआधी लावायचा पकड देणारा हात, धरेल. मोत्यासारखे वर बसून राहिले तर तिथे रंग, तेल किंवा मेण आहे, पुन्हा घासा. लेव्हलरमध्ये पाणी मोजूनच, पिशवीवर लिहिलंय तेवढंच. उन्हाळ्यात लवकर घट्ट होतो म्हणून मजूर मग्गाभर पाणी वाढवतात. तसा थर वरून गुळगुळीत दिसतो, पण खिळ्याने ओरखडला तर भुकटी निघते. त्याऐवजी सकाळी लवकर ओता, पाणी गार घ्या, पंखे-कूलर बंद ठेवा, काटेरी रोलर फिरवून हवा काढा.

जुन्या टाइलवर फळी बसवायची असेल तर प्रत्येक टाइल लाकडी मुठीने ठोकून ऐका. पोकळ वाजली ती काढून पुन्हा बसवा. दरवाजाची उंची इथेच मोजा. १२ मिमीची फळी आणि २ मिमीचा फोम धरला तर दार तेवढं तासावं लागेल, हे आधी सांगितलेलं बरं.

तळमजल्याचं घर असेल तर आणखी सावध. शहरात पुष्कळ ठिकाणी खाली काळी माती आहे; पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. फरशीला भेग दिसली तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहा. भेग पुढे सरकली किंवा एक बाजू दुसरीपेक्षा उंच असली तर नुसतं सिमेंट भरून पुढे जाऊ नका, इंजिनिअरला दाखवा. महाल, धंतोलीतल्या जुन्या घरांत मुरुमाच्या भरावावर सरळ शहाबादी बसवलेली सापडते, खाली ओल अडवणारं काहीच नसतं. तिथे निदान २०० मायक्रॉनचं पॉलिथिन, सांध्यांवर १५० ते २०० मिमी चढवून आणि टेप मारून, भिंतीवर थोडं वळवून घाला. वाळवीचं औषधही आधीच. भिंत आणि फरशीच्या सांध्याला भोकं पाडून ते सोडतात, तेव्हा त्याची ओल वाळू द्या आणि भोकं बुजवा, मगच पॉलिथिन.

हे सगळं करताना एखाद्या काकू म्हणतील, "काय बाप्पा, इतके दिवस नुसती जमीनच घासून राहिले!" त्यांना खडूच्या खुणा दाखवा. पट्टी ठेवून दाखवा. बहुतेकांना लगेच पटतं.

पैशांचं मात्र सुरुवातीलाच बोला. कोटेशनमध्ये जमीन तयार करण्याची ओळ वेगळी लिहा: घासणं चौरस फुटावर, लेव्हलर पिशवीवर, ओलीची तपासणी वेगळी. सगळं फ्लोअरिंगच्या दरात धरलं तर पैसे कमी पडले की तुमचा हात नेमका जमिनीच्या कामावरच आखडतो. तपासणीच्या तारखा, खोलीचा नकाशा आणि प्लास्टिक उचलतानाचे फोटो बिलासोबत ग्राहकाला द्या, एक प्रत स्वतःकडे ठेवा. पुढे वरच्या मजल्यावरून पाणी झिरपलं आणि फळी फुगली, तर तुमच्या बाजूने बोलायला तेवढेच कागद असतात.