वर्गातली सुट्टीची पार्टी आणि टेबल मॅनर्स

मी पहिली-दुसरीच्या मुलांना शिकवते. सुट्टी लागायच्या आधी वर्गात खाऊची पार्टी असते आणि 'नीट बसा रे, सांडू नका रे' करण्यातच ती संपून जाते, हे बऱ्याच शिक्षकांच्या ओळखीचं असेल. माझं ठाम मत आहे की खाताना कसं वागावं हे सूचनांनी येत नाही, वाढायचं काम हातात दिलं की येतं. दुसऱ्याच्या ताटलीत वाढणारं मूल आपणहून बघायला लागतं: याला मिळालं का, हिला हवंय का, शेवटच्याला पुरेल का.

सगळ्यात आधी पालकांना चिठ्ठी पाठवून ॲलर्जी विचारून घ्या. शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ, दूध, अंडी, गहू, सोयाबीन, मासे यांची नावं चिठ्ठीत लिहाच, म्हणजे पालकांना चटकन आठवतं. शक्यतो सगळ्यांना चालेल असाच खाऊ ठरवा. एकाच मुलाला वेगळा डबा देऊन बाजूला बसवलं, तर बाकीचं शिकवणं फुकट आहे. मुलं पाच वर्षांच्या आतली असतील तर अख्खे दाणे आणि पॉपकॉर्न नको, द्राक्षं उभी चिरून चार फोडी करा.

पार्टीच्या आधीचा आठवडा रंगीत तालमीचा. रिकाम्या ताटल्या, वाडग्यात कागदाचे बोळे, आणि रोज एकच गोष्ट. पहिल्या दिवशी फक्त वाडगा पुढे देणं. दोन्ही हातांनी धरायचा, शेजाऱ्याने 'धरला' म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. हे एवढंसं वाटतं, पण त्या एका शब्दासाठी मूल शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघतं आणि थांबतं. मला नेमकं तेच हवं असतं. दुसऱ्या दिवशी वाढायचा चमचा: तो वाडग्यातच राहतो, तोंडाला लावायचा नाही. मग नको म्हणणं. 'शी, मला नाही आवडत' याऐवजी 'नको, थँक्यू'. वाढणाऱ्यानेही एकदाच विचारायचं, आग्रह करायचा नाही. तोंडात घास असताना बोलणं, मचमच आवाज करणं हे मी स्वतः करून दाखवते आणि समोर बसलेल्यांना विचारते, 'तुम्हाला कसं वाटलं?' उत्तरं फार प्रामाणिक येतात. नियम मग मुलंच सांगतात.

पार्टीच्या दिवशी पाच-पाच जणांचे गट करा. एक ताटल्या मांडेल, एक वाढेल, एक पाणी देईल, एक रुमाल, एकाकडे पुसायचं फडकं. पदार्थ बदलला की काम बदलायचं, नाहीतर धीट मुलंच वाढत राहतात. बसण्याआधी साबणाने निदान 20 सेकंद हात धुवायचे. सगळ्यांना वाढून झाल्यावरच सुरुवात, पण लहान मुलांना फार वेळ ताटकळत ठेवू नका. पहिल्या फेरीत एकच पदार्थ वाढा. पाण्याचा जग लहान घ्या आणि अर्धाच भरा. सांडेलच. सांडलं की फडकं घ्यायचं, पुसायचं, पुढे चालू. त्यावर भाषण नको.

तुम्हीही मुलांबरोबर बसून खा. उभं राहून पहारा दिला की मुलं तुमच्याकडे बघत खातात. चांगल्या वागण्याला चांदण्या किंवा बक्षिसं मी याच कारणासाठी देत नाही. चुकलं तर जवळ जाऊन हळू आवाजात सांगा, सगळ्यांसमोर नाही. आणि 'ताटली संपव' असं कधीच म्हणू नका. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी केलेली वाटणी मला पटते: काय, केव्हा आणि कुठे द्यायचं हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने. म्हणून आधी थोडंच वाढायला शिकवा, हवं तर पुन्हा मागता येतं. एखाद्याला चमचा धरणं जड जात असेल, तर त्याला हाताने खाता येईल असा पदार्थ ठेवा.

आवराआवर मुलांनीच करायची. उरलेलं एका भांड्यात, ताटल्या एकावर एक, बाक पुसलेले. उठण्याआधी ज्याने आपल्याला वाढलं त्याला नाव घेऊन थँक्यू म्हणायचं.

घरी जाताना मी पालकांना एकच गोष्ट सांगते: सुट्टीत रोज एका जेवणाला एखादा पदार्थ मुलाला सगळ्यांना वाढू द्या, आणि तेव्हा त्याच्या हातातून वाडगा काढून घेऊ नका.