माघ सरताना वाडीवर: कुत्री पाळणाऱ्या नवख्यांसाठी

मुंबईहून मुरबाड, शहापूर किंवा कर्जतकडच्या वाडीवर ये-जा करणारे बहुतेक जण कामं पावसाच्या हिशेबाने आखतात. वाडीवर कुत्री असतील तर हिशेब माघापासून सुरू करावा लागतो. फेब्रुवारीत पहाटे चादर लागते, दुपारी पत्रा तापतो. गवत वाळून कडक होतं, गोचीड वाढू लागते आणि वणव्याचे दिवस तोंडावर येतात. वाडी एकदा जमिनीपासून दोन फुटांवरून, म्हणजे कुत्र्याच्या उंचीवरून बघा. कुठलं काम आधी घ्यायचं ते तिथून कळतं.

आधी कुसळीचं गवत. त्याच्या बीच्या टोकाला उलटे केस असतात, म्हणून कुसळ शिरतं ते मागे येत नाही आणि कुत्रं चाललं की आणखी आत सरकतं. बोटांच्या बेचक्या, कान, काखा, पापण्यांच्या आतली बाजू या त्याच्या जागा. खरं तर कुसळं धरायच्या आत गवत कापायला हवं होतं. आता कापलं तर कुसळं जागेवरच गळतात, म्हणून नुसतं कापून भागत नाही. घराभोवती पंधरा फूट आणि कुत्र्यांच्या रोजच्या वाटांच्या दोन्ही बाजूंना तीन-तीन फूट गवत मुळाशी कापा, दाताळ्याने ओढून काढा आणि ढीग कुंपणाबाहेर न्या. गवत कापायचं मशीन चालू असेपर्यंत कुत्री कोंडलेली बरी, कारण त्यातून कुसळं लांबवर उडतात. रोज संध्याकाळी चारही पंजे बोटं फाकवून बघा. बेचक्यांतले केस बोथट टोकाच्या कात्रीने आखूड ठेवा. कुत्रं एकाच बाजूला मान झटकत असेल तर कुसळ कानात गेलेलं असू शकतं. तिथे चिमटा घालू नका, पडदा फाटतो, डॉक्टरकडेच न्या. बोटांमधली गाठ फुटून बरी होते आणि पुन्हा उठते, तेव्हाही बहुतेक वेळा आत कुसळच असतं. नुसत्या मलमाने ती जात नाही.

हद्दीच्या कडेने दहा-बारा फुटांचा पट्टा खरवडून काढला की वणव्याचंही काम होतं. जंगल लागून असेल तर पट्टा जाळून काढायचा विचारही करू नका. रात्री आग आली तर खोलीतली कुत्री बाहेर काढणारं माणूस लागतं, म्हणून किल्ली आणि दोऱ्या दाराशी एकाच खिळ्याला टांगा.

गोचिडीबाबत नवख्यांचा हमखास घोळ होतो. कुत्र्याच्या अंगावर दिसते ती थोडीच. बाकीची भिंतीच्या भेगांत, दगडी जोत्यात आणि गोणपाटात असते. मादी अंडीही तिथेच, हजारांनी घालते. म्हणून नुसतं कुत्र्याला औषध लावून उपयोग नाही. भेगा सिमेंटने बुजवा. गोणपाट टाकून द्या. त्याऐवजी लाकडी फळी आणि उकळत्या पाण्यात धुता येईल अशी चादर ठेवा. फवारणी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, कारण अंडी पहिल्या फवारणीत मरत नाहीत. औषधाच्या लेबलवर जनावराचं आणि जागेचं प्रमाण वेगळं असतं, ते वाचा. वाडीवर मांजर असेल तर पर्मेथ्रिन असलेलं औषध आणूच नका. कुत्र्याला चालतं, मांजर दगावतं. अंगावरची गोचीड कातडीलगत चिमट्यात धरून सरळ ओढा. रॉकेल नको. कुत्रं खायचं थांबलं, ताप १०३ फॅरनहाइटच्या वर गेला, हिरड्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं किंवा लघवी गडद झाली, तर तो गोचिडीमुळे येणारा ताप असू शकतो, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

रात्रीची खोली वरून बंद हवी. या पट्ट्यात बिबट्या आहे, आणि उघड्यावर साखळीने बांधलेलं कुत्रं म्हणजे त्याला वाढून ठेवलेलं ताट. लोखंडी अँगलचा सांगाडा, दोन इंची वेल्डमेश (वेल्ड केलेली लोखंडी जाळी), सिमेंटची जमीन, पक्कं छप्पर. दिवेलागणीच्या आत दार बंद. राखणीसाठी कुत्रं रात्री मोकळं सोडणं हा आमच्या मते सर्वांत महागडा हट्ट आहे. बंद खोलीतूनही ते भुंकतंच. बिबट्या वरचेवर दिसू लागला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

याच दिवसांत आंब्यावर फवारण्या चालू असतात. फवारणीच्या दिवशी आणि पानं पूर्ण सुकेपर्यंत कुत्री बागेत नकोत. डबे धुतलेलं पाणी खड्ड्यात साठू देऊ नका, कुत्री तेच आधी पितात. उंदरांसाठी झिंक फॉस्फाइड ठेवायचं असेल तर कुत्र्याचं तोंड पोचणार नाही अशा अरुंद नळीत, आणि सकाळी उरलेलं मोजून परत. शक्यतो पिंजराच लावा.

वीस किलोच्या कुत्र्याला रोज सव्वा लिटरच्या आसपास पाणी लागतं, उन्हात त्याच्या दुप्पट. भांडी दोन, दोन्ही सावलीत, मातीची असली तर उत्तम. दुपारी अकरा ते चार पळवू नका. नुसत्या भाकरी-ताकावर राखणीचं कुत्रं खंगतं. अंडी, सुकट किंवा कोंबडीचं मांस रोज पोटात जायला हवं. सुकट आधी धुऊन खारटपणा काढा.

रेबीजची लस दरवर्षी, पाड्यावरच्या कुत्र्यांसह. ती तुमच्या कुत्र्यांबरोबरच हिंडतात, त्यामुळे तो खर्च परका धरू नका. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा क्रमांक १९६२ आहे. तुमच्या गावात ते कधी पोचतं हे आधीच विचारून ठेवा.

राहिला सोमवार ते शुक्रवार. गड्याच्या पगारात कुत्र्यांचं खाणं धरू नका. पैसे अपुरे पडले की कपात तिथेच होते, आणि त्याला दोषही देता येत नाही. खाण्याचं सामान आठवड्याच्या मापाने डब्यात भरून ठेवा, कुत्र्यांकडे बघण्याचे पैसे वेगळे द्या, आणि रोज संध्याकाळी पंज्यांचा एक फोटो मागवा.