डूला नेमताना : रुग्णालयाच्या परवानगीपासून सव्वा महिन्यापर्यंत

बाळंतपणाच्या वेळी घरात माणसांची वाण नसते. पण कळा सुरू असताना तासन्‌तास शेजारी बसून राहणारे आणि स्वतः न घाबरणारे माणूस मिळणे कठीण असते. असे प्रशिक्षित माणूस म्हणजे डूला, आणि पुण्या-मुंबईकडील अनेक कुटुंबे आता तिची मदत घेऊ लागली आहेत. ती वैद्यकीय काम करत नाही, हे आधीच पक्के समजून घ्यावे. आतून तपासणे, इंजेक्शन देणे किंवा पूर्वीच्या सुईणीप्रमाणे बाळंतपण करणे हे तिच्या कामात बसत नाही. घरीच प्रसूती करून देते किंवा सिझर हमखास टाळते, असे सांगणाऱ्या बाईला सरळ नकार द्यावा. वैद्यकीय संशोधन एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2017 सालच्या आढाव्यात, 15 हजारांहून अधिक स्त्रियांच्या माहितीवरून, प्रसूतीत अखंड सोबत मिळाल्यास सिझेरियनचे प्रमाण घटते आणि कळांचा काळ काहीसा कमी होतो असे दिसले. मात्र त्यावरून कोणा एकीला हमी देता येत नाही.

डूला शोधण्याआधी रुग्णालयाला विचारावे. केंद्र सरकारने 2016 मध्ये सरकारी रुग्णालयांत प्रसूतीच्या वेळी सोबतीणीला परवानगी दिली असली, तरी खासगी रुग्णालयांचे नियम आपापले असतात. त्यामुळे सातव्या महिन्याच्या सुमारास डॉक्टरांना थेट विचारावे की लेबर रूममध्ये नवरा आणि डूला दोघांनाही थांबता येईल की एकालाच, रात्री प्रवेश मिळेल का, आणि सिझर करावे लागल्यास ऑपरेशन थिएटरमध्ये कोण येऊ शकेल. मिळालेले उत्तर फाइलमध्ये लिहून घ्यावे, कारण ऐन वेळी दारात असतात ते ड्यूटीवरचे कर्मचारी, आणि त्यांना तोंडी बोलणे ठाऊक नसते.

डूलांसाठी आपल्याकडे परिचारिकांसारखी सरकारी नोंदणी नाही. प्रमाणपत्रे खासगी संस्था देतात. म्हणून कागदापेक्षा बोलण्यावरून पारख करावी. डॉक्टरांचा सल्ला आणि आपली इच्छा यांत फरक पडला तर ती काय करील, हा प्रश्न अवश्य विचारावा. ‘तुम्हाला डॉक्टरांना काय विचारायचे ते सुचवीन, निर्णय तुमचाच’ अशा अर्थाचे उत्तर आले, तर पुढचे बोलावे. ती आजारी पडल्यास बदली कोण येणार, कळा सुरू झाल्यावर ती घरी येणार की थेट रुग्णालयात, आणि प्रसूतीनंतर किती भेटी देणार, हे मोबदल्यासह लेखी ठरवावे.

प्रत्यक्ष कळांच्या वेळी तिचे काम बाहेरून फार साधे दिसते. कळ कंबरेत उतरत असेल, तर ती स्त्रीला पलंगाच्या कठड्यावर ओणवे व्हायला सांगते, माकडहाडाच्या वरच्या सपाट भागावर तळहाताने कळ ओसरेपर्यंत एकसारखा दाब देते, आणि मधल्या विश्रांतीत परवानगी असल्यास पाण्याचे घोट पाजते. दाब देण्याची हीच पद्धत तिने नवव्या महिन्यातच नवऱ्याला किंवा आईला शिकवावी, असा आग्रह धरावा. जिला दोघांचे हात मिळतात, ती कमी थकते.

डूलाचा खर्च झेपत नसेल, तर ज्या आत्याने, मावशीने किंवा जावेने स्वतः प्रसूती अनुभवली आहे आणि जी शांत स्वभावाची आहे, तिला आधीपासून तयार करावे. सरकारी रुग्णालयातही अशीच नातेवाईक स्त्री सोबतीण म्हणून अपेक्षित असते.

बाळंतपणानंतरच्या पहिल्या तासात बाळाला छातीशी घेऊन चीक पाजायला डूलाची मदत सर्वाधिक उपयोगी पडते. बाळाचे तोंड मोठे उघडलेले, हनुवटी स्तनाला टेकलेली आणि स्तनाग्राभोवतीचा काळसर भागही तोंडात, अशी पकड बसली की पाजताना होणाऱ्या वेदना बहुधा थांबतात. सिझर झाले असेल, तर टाक्यांवर भार न देता बाळाला बगलेखाली धरून पाजण्याची पद्धत तिच्याकडून शिकून घ्यावी.

घरी आल्यावर डूलाची खरी कसोटी सासू, आई आणि मालिशवाली बाई यांच्याशी जुळवून घेण्याची असते. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांना विरोध करण्याचे तिला काहीच कारण नाही. बंद खोलीतल्या शेगडीचा आणि धुरीचा धूर मात्र नवजात बाळाच्या श्वासाला अपायकारक असतो, आणि सिझरनंतर पोटाची मालिश डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. हे डूलाने सांगण्यापेक्षा बाळाच्या वडिलांनी स्वतःच्या आईला सांगितलेले बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. परक्या बाईने घरच्या वडीलधाऱ्यांना शिकवू लागले की पुढच्या भेटी अवघडतात.

तासाभरात पॅड पूर्ण भिजणे, ताप, असह्य डोकेदुखी, डोळ्यांसमोर अंधारी, एका पोटरीला सूज व दुखणे, किंवा बाळाने दूध न ओढणे, यांपैकी काहीही दिसले तर डूलाला फोन करण्यात वेळ न घालवता रुग्णालय गाठावे अथवा 108 वर रुग्णवाहिका मागवावी. पहिल्या काही दिवसांतले रडू बहुतेक बाळंतिणींचे आपोआप ओसरते. ते दोन आठवड्यांपुढे टिकले, तर डॉक्टरांना दाखवावे किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर बोलावे. स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर मात्र एक दिवसही न थांबता बाळंतिणीला रुग्णालयात न्यावे आणि तोवर एकटे सोडू नये.