आठवीत आलेल्यांसाठी, दहावी संपवून निघालेल्यांकडून

निरोप समारंभातल्या भाषणांत सहल असते, स्नेहसंमेलन असतं, एखाद्या कडक सरांची आठवण असते. समारंभ आटोपल्यावर व्हरांड्यात मुलं बोलतात ते निराळंच: चित्रकलेची इंटरमिजिएट देऊन टाकायला हवी होती, रजिस्टरमध्ये आईचं नाव चुकलंय, संस्कृत संपूर्ण घेतलं असतं तर बरं झालं असतं. यातली बहुतेक कामं आठवी-नववीत उरकायची असतात. दहावीचं वर्ष अभ्यासापुरतं पुरतं. कागदपत्रं आणि लिहिण्याच्या सवयी त्यात बसत नाहीत. खालची माहिती महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांपुरती आहे. परीक्षेची रचना मंडळ अधूनमधून बदलतं, तेव्हा गुणांचे आकडे आपल्या वर्षाच्या परिपत्रकाशी ताडून घ्या.

आधी जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेची प्रवेश नोंदवही. हायस्कूलच्या रजिस्टरमधली नोंद प्राथमिक शाळेच्या दाखल्यावरून उतरवलेली असते. त्यामुळे चूक बऱ्याचदा जिल्हा परिषदेच्या किंवा नगरपालिकेच्या शाळेत पहिलीच्या प्रवेशावेळीच झालेली असते आणि पुढे प्रत्येक दाखल्यावर तशीच चढत जाते. आठवीत प्रवेश झाला की शाळेच्या ऑफिसात जाऊन पाच गोष्टी डोळ्यांनी पाहा: स्वतःचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात. आधार कार्ड आणि जन्मदाखला शेजारी धरून अक्षर न् अक्षर जुळवा. चूक दिसली तर पालकांचा अर्ज, जन्मदाखला आणि आधीच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा लागतो. प्रस्ताव मुख्याध्यापकांकडून शिक्षणाधिकाऱ्यांकडे जातो, आणि मूळ चूक प्राथमिक शाळेतली असेल तर दुरुस्ती तिथून सुरू होते. याला महिने लागतात. मुलगा किंवा मुलगी शाळेच्या पटावर आहे तोवर हे काम होतं. शाळा सुटल्यावर माध्यमिक शाळा संहितेचे नियम आडवे येतात.

दहावीच्या वर्षी बोर्डाचा फॉर्म ऑनलाइन भरला की शाळेत प्री-लिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी येते. नाव, जन्मतारीख आणि विषय तपासून मुलांनी त्यावर सही करायची असते. मधल्या सुट्टीत घाईघाईने सह्या होतात आणि तिथेच घोळ होतो. प्री-लिस्ट वाचताना विषयांचा रकाना सोडू नका: संयुक्त (हिंदीसोबत अर्ध्या गुणांच्या) संस्कृतऐवजी संपूर्ण संस्कृतचा कोड पडला, तर हॉलतिकिटावर पेपरच वेगळा येतो.

आता गुणांचं गणित. सहा विषय, प्रत्येकी 100 गुण, एकूण 600. टक्केवारी मात्र सर्वांत जास्त गुणांच्या पाच विषयांवर, म्हणजे 500 पैकी निघते. भाषांना 80 गुणांची लेखी परीक्षा आणि 20 गुण शाळेकडे. गणिताचे बीजगणित आणि भूमिती असे 40-40 चे दोन पेपर, विज्ञानाचे दोन, सामाजिक शास्त्रांत इतिहास-राज्यशास्त्र एक आणि भूगोल एक; यांतही प्रत्येक विषयाचे 20 गुण शाळेच्या हातात. सहा विषयांचे मिळून हे 120 होतात. गृहपाठ, बहुपर्यायी चाचणी, तोंडी परीक्षा, प्रयोगवही यांवर ते ठरतात. वही वेळेवर न दिल्यामुळे गेलेले तीन गुण लेखी परीक्षेत भरून काढायला एक मोठा प्रश्न लागतो. जलसुरक्षा, संरक्षणशास्त्र असे श्रेणीचे विषय टक्केवारीत धरत नाहीत, पण त्यांचे प्रकल्प अपुरे ठेवलेत तर फेब्रुवारीत, ऐन उजळणीच्या दिवसांत, रात्री जागून वह्या पूर्ण कराव्या लागतात.

गणिताची धास्ती घेऊन बरीच मुलं आठवीतच हात टेकतात. त्यांनी बीजगणिताच्या पेपरची फोड एकदा नीट बघावी. बहुपर्यायी प्रश्नांना 4, एकेका गुणाच्या छोट्या उदाहरणांना 4, चौकटी भरायच्या कृतींना 4 आणि 3. म्हणजे 40 पैकी 15 गुण सूत्रं पाठ असणाऱ्याला आणि पाठ्यपुस्तकातली सोडवलेली उदाहरणं हाताने उतरवून काढणाऱ्याला मिळण्यासारखे आहेत. अवघड उदाहरणं शेवटच्या दोन प्रश्नांत असतात, 8 आणि 3 गुणांना. भूमितीत प्रमेयाची आकृती पेन्सिलने काढा, आणि पक्ष, साध्य, सिद्धता हे तिन्ही लिहा. सिद्धता येत नसली तरी पक्ष आणि साध्य कोरं ठेवू नये.

वेळ कमी पडतो तो मात्र भाषेच्या पेपरात, आणि हे आधी कुणी सांगत नाही. गणितात 40 गुणांना दोन तास, म्हणजे एका गुणाला तीन मिनिटं. मराठीत 80 गुणांना तीन तास. वाचनाची आणि शेवटच्या तपासणीची मिनिटं वजा केली तर गुणामागे जेमतेम दोन मिनिटं उरतात, आणि तेवढ्यात लिहायचं कितीतरी जास्त. कुमारभारतीचा, म्हणजे मराठीचा पेपर गद्य 18, पद्य 16, स्थूलवाचन 6, भाषाभ्यास 16 आणि उपयोजित लेखन 24 असा असतो. मुलं गद्याच्या आकलन कृतींवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घालवतात आणि पत्र, बातमी, निबंध या सगळ्यात मोठ्या तुकड्याला शेवटची पंचवीस मिनिटं उरतात. उपाय नववीपासूनचा आहे: आठवड्यातून एकदा घड्याळ लावून एक पत्र आणि एक निबंध, मिळून पस्तीस मिनिटांत. परीक्षेत उपयोजित लेखन आधी सोडवायलाही हरकत नाही, फक्त प्रश्न क्रमांक स्पष्ट घाला आणि नवा विभाग नव्या पानावर सुरू करा. 2023 पासून जादा दहा मिनिटं पेपरच्या शेवटी मिळतात. ती पुरवण्या क्रमाने बांधायला, आसन क्रमांक आणि बारकोड बघायला आणि सुटलेले उपप्रश्न शोधायला ठेवा. त्या दहा मिनिटांत निबंध होत नाही.

सेमी इंग्रजी आठवीपासून घेणाऱ्यांचा पहिल्या सत्राचा काळ शब्दांतच जातो. वहीला मधोमध रेघ मारून एका बाजूला मराठी आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी संज्ञा लिहीत गेलात तर दिवाळीपर्यंत अडखळणं थांबतं. मराठी माध्यमात राहिलेल्यांनीही ही वही करावी, अकरावी विज्ञानाला तिचाच आधार होतो.

संस्कृत संपूर्ण की हिंदीसोबत संयुक्त, हा निर्णय बहुतेक शाळांत मैत्रिणी कुठे बसतात यावरून होतो. संपूर्ण म्हणजे एकच भाषा 100 गुणांची. संयुक्त म्हणजे दोन भाषा 50-50, म्हणजे दोन वेगळे पेपर, दोन वेगळी व्याकरणं. शब्दरूपं आणि धातुरूपं पाठ करायचा कंटाळा नसेल तर संपूर्ण संस्कृतात गुण मिळवणं तुलनेने सोपं, असं आमचं मत. पाठांतराशी वैर असेल तर संयुक्तच बरं. नववीत बसलेली घडी दहावीत मोडता येत नाही, एवढं मात्र धरून चाला.

चित्रकलेची इंटरमिजिएट परीक्षा हा सगळ्यात जास्त हळहळीचा विषय. अ श्रेणीला 7, ब ला 5, क ला 3 वाढीव गुण मिळतात. पाचशेत सात म्हणजे 1.4 टक्के, आणि अकरावीच्या कटऑफच्या रांगेत तेवढ्याने कॉलेज बदलतं. निकालात कुणाला शंभर टक्के दिसतात त्यामागे बऱ्याचदा हे किंवा खेळाचे गुण असतात. एलिमेंटरी सातवी-आठवीत, इंटरमिजिएट नववीत, हा क्रम सोयीचा. दहावीत ठेवली तर ती पहिल्या सत्राच्या अभ्यासावर येऊन आदळते. स्थिरचित्र आणि स्मरणचित्र यांना हात लागतो. भूमिती व अक्षरलेखन यांत मात्र हात साधारण असला तरी नीटनेटकेपणावर श्रेणी वर जाते. आणि प्रमाणपत्र घरी फ्रेम करून चालत नाही. गुण मिळण्यासाठी शाळेमार्फत मुदतीत प्रस्ताव जावा लागतो, तेव्हा त्याची प्रत कलाशिक्षकांकडे द्या आणि नाव यादीत आलं का ते विचारा.

आठवीतच देता येणारी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा सरकारी आणि अनुदानित शाळांतल्या मुलांसाठी आहे. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं. बौद्धिक क्षमता आणि शालेय विषय असे 90-90 प्रश्नांचे दोन पेपर. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला 12,000 रुपये. पैसे अडकतात ते दोन कारणांनी: बँक खात्यावरचं नाव आधारशी जुळत नाही, किंवा दरवर्षीचं नूतनीकरण राहून जातं.

निकालानंतर गुण कमी वाटले तर थेट पुनर्मूल्यांकन मागता येत नाही. आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायची, ती विषयशिक्षकांना दाखवायची, मगच अर्ज. छायाप्रत हातात आल्यापासून मुदत मोजक्या दिवसांची असते. एक-दोन विषय राहिले तर एटीकेटीवर (राहिलेले विषय नंतर सोडवायच्या अटीवर) अकरावीत बसता येतं आणि जून-जुलैची पुरवणी परीक्षा आहे, त्यामुळे वर्ष गेलं म्हणून घरात सुतक धरू नये.

अकरावीची प्रवेश प्रक्रिया 2025-26 पासून राज्यभर ऑनलाइन झाली आहे. पसंतीक्रमात दहा कॉलेजांपर्यंत नावं भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं की तिथे प्रवेश घ्यावाच लागतो, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. तेव्हा नावासाठी म्हणून एसटीने दीड तासावरचं कॉलेज पहिल्या क्रमांकावर टाकू नका.

राहिली समारंभाची वर्गणी. प्रत्येक तुकडी शाळेला भिंतीवरचं घड्याळ देते आणि मग शाळेत घड्याळंच घड्याळं होतात. त्याऐवजी शिपाईमामांना विचारा, काय मोडलंय ते त्यांना नक्की ठाऊक असतं. वर्गाची यादी करताना पालकांचे नंबर घ्या, मुलांचे कॉलेजात गेल्यावर बदलतात. शाळा सोडल्याचा दाखला हातात पडताच निदान दहा झेरॉक्स काढा आणि स्कॅन करून ठेवा. मूळ प्रत अकरावीच्या प्रवेशावेळी कॉलेजात जमा होते, आणि ती हरवली तर दुसरी प्रत मिळवायला प्रतिज्ञापत्रापासून सुरुवात करावी लागते.