पाय चार्टवर टक्के कसे दाखवायचे

एक्सेलमध्ये (२०१३ पासून पुढच्या) पाय चार्टवर क्लिक केलं की उजवीकडे अधिकचं चिन्ह येतं. त्यात ‘डेटा लेबल्स’वर टिक करा. आकडे उमटतात, पण मूळ आकडे, टक्के नव्हेत. मी इथेच फसले होते. कॅल्क्युलेटर घेऊन एकेक टक्का हाताने टाइप करत बसले! लेबलवर राइट-क्लिक, ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’, मग ‘पर्सेंटेज’ला टिक आणि ‘व्हॅल्यू’ची काढायची, एवढंच होतं. ‘कॅटेगरी नेम’ही घेतलंत तर लेजंड (कोणता रंग कशाचा हे सांगणारी यादी) उडवा, उगाच जागा खातं. बारीक फोडींची लेबलं एकमेकांवर चढतात; ती ‘आउटसाइड एंड’ला न्या किंवा माउसने बाहेर ओढा. टक्क्यांची बेरीज ९९ किंवा १०१ दिसली तर दचकू नका, पूर्णांकात आणताना तसं होतं. ‘फॉरमॅट डेटा लेबल्स’मधल्याच ‘नंबर’मध्ये एक दशांश स्थळ दिलं की फरक कमी होतो.