मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या

नव्याने स्वयंपाक शिकणारे पुष्कळ जण पहिल्याच फेरीत मसाल्यांच्या पंधरा-वीस पुड्या आणतात आणि त्यांतल्या निम्म्या, वास उडाल्यावर, टाकून देतात. मराठी घरातल्या रोजच्या भाजी-आमटीला मिसळणाच्या डब्यातल्या सात वाट्या पुरतात: मोहरी, जिरे, मेथीदाणे, हळद, लाल तिखट, धणे-जिऱ्याची पूड आणि गोडा मसाला. हिंग मात्र वेगळ्या, घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावा, नाहीतर साऱ्या डब्याला त्याचाच वास लागतो.

जिन्नस आणणे सोपे असते. नवखा माणूस अडतो तो फोडणीच्या क्रमात. एक वाटी तूरडाळीच्या आमटीसाठी कढल्यात दोन चमचे तेल तापवावे आणि मोहरीचा एकच दाणा टाकून पाहावा. तो लगेच तडतडला, तर उरलेली अर्धा चमचा मोहरी घालावी, कारण कोमट तेलात पडलेली मोहरी न फुटता कडवट लागते. तडतड ओसरू लागली की अर्धा चमचा जिरे, चार-पाच मेथीदाणे आणि दोन चिमटी हिंग घालावा. मेथी लालसर होताच कोरडी पुसलेली कढीपत्त्याची आठ-दहा पाने टाकावीत. पाने ओली असली तर तेल अंगावर उडते. गॅस बंद करून शेवटी पाव चमचा हळद आणि तिखट घालावे आणि फोडणी ताबडतोब शिजलेल्या डाळीवर ओतावी. पूड तेलात क्षणभर जास्त राहिली तरी काळवंडते, आणि करपलेल्या फोडणीवर माझ्या मते एकच उपाय आहे: ती टाकून नवी करणे.

तिखट घेताना ते कोणत्या मिरचीचे आहे हे दुकानदाराला अवश्य विचारावे. ब्याडगी मिरचीने रंग भरपूर येतो आणि तिखटपणा बेताचा राहतो, तर लवंगी मिरचीचे तिखट चमचाभर पडले तरी डोळ्यांत पाणी आणते. धणे-जिऱ्याची पूड विकत घेण्यापेक्षा दोन भाग धणे आणि एक भाग जिरे मंद आचेवर वेगवेगळे भाजून, गार झाल्यावर घरीच दळावी. गोड्या मसाल्याला त्याचा खास वास दगडफुलाने येतो; धणे, तीळ, सुके खोबरे आणि खडा मसाला असा मोठा घाट असल्याने नवख्याने तो तयार आणला तरी काही बिघडत नाही. आमटीत तो डाळ उकळत असताना, गूळ आणि आमसुलांबरोबर घालावा.

ओल्या जिनसांत आले, लसूण, हिरवी मिरची, कढीपत्ता आणि कोथिंबीर एवढेच पुष्कळ झाले. कोथिंबिरीची पाने आच बंद केल्यावरच पेरावीत. कोवळे देठ मात्र फेकू नयेत. आले, लसूण आणि हिरव्या मिरचीबरोबर ते वाटणात घालावेत, कारण देठांना पानांपेक्षाही दाट चव असते.