अक्कलदाढेच्या मुळावरच्या स्टेम सेल खनिज कणांवर कशा बसवाव्यात

हिरडीचा आजार खोलवर गेला की हाड, मुळावरचं सिमेंटम (हाडासारखा पातळ थर) आणि या दोघांना बांधणारं लिगामेंट झिजतं. हिरडीची वरची कातडी भराभर भरून येते, खालचं हे त्रिकूट मात्र सहसा येत नाही. त्याला पुन्हा उभं करू शकणाऱ्या स्टेम सेल (मूळ पेशी) त्याच लिगामेंटमध्ये असल्याचं 2004 साली दाखवलं गेलं. या पेशी खनिज कणांवर बसवण्याची पुढची कृती प्रयोगशाळेसाठीच आहे. भारतातल्या 2017 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार रुग्णावर असा वापर मंजूर क्लिनिकल ट्रायलबाहेर करता येत नाही.

संमती आणि समित्यांची परवानगी हाती आली की काढलेली निरोगी अक्कलदाढ थंड माध्यमात (पेशी जगवणाऱ्या पोषक द्रवात) आणा. मुळाच्या फक्त मधल्या तिसऱ्या भागावरून लिगामेंट खरवडा. वर गेलात तर हिरडीच्या पेशी मिसळतात, टोकाकडे गेलात तर पल्पच्या, म्हणजे दाताच्या आतल्या मऊ गाभ्याच्या. इथली घाई पुढे कशानेच भरून निघत नाही.

बारीक तुकडे 3 मिग्रॅ/मिली कोलॅजिनेज टाइप 1 आणि 4 मिग्रॅ/मिली डिस्पेज या ऊती सुट्या करणाऱ्या एन्झाइममध्ये 37 अंश सेल्सियसवर एक तास ठेवा. जास्त वेळ ठेवल्यास पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं तुटतात आणि पेशी तळाला नीट चिकटत नाहीत. मग 70 मायक्रॉनच्या जाळीतून गाळा आणि 15% सीरम (रक्तातला पोषक द्रव) घातलेल्या अल्फा एमईएम या माध्यमात, 5% कार्बन डायऑक्साइडवर वाढवा.

खनिज म्हणून हायड्रॉक्सीअपेटाइट आणि ट्रायकॅल्शियम फॉस्फेट या कॅल्शियमच्या खनिजांचे मिश्र कण घ्या. बायोग्लासने (हाडाशी जुळणाऱ्या काचेने) सुरुवात करू नका. त्यातून सोडियम आणि कॅल्शियम सुटून पीएच चढतो, माध्यम जांभळट होतं आणि पेशी मरतात. 40 मिग्रॅ कण आदल्या रात्रीच माध्यमात भिजत घाला, नाहीतर छिद्रांत हवा अडकते आणि पेशी आत शिरत नाहीत. त्यावर 40 लाख पेशी घालून 37 अंशांवर 90 मिनिटं नळी सावकाश फिरवा. जोरात फिरवलं तर कण घासून चुरा होतो. शेवटी वरच्या द्रवात किती पेशी उरल्या ते मोजा. निम्म्या तिथेच असतील तर कण नीट भिजलेले नाहीत.

या पेशी खनिज तयार करतात का, हे अ‍ॅलिझरीन रेडने (कॅल्शियमला लाल करणाऱ्या रंगाने) तपासताना कणांवर रंग टाकू नका. कण स्वतःच कॅल्शियमचे, त्यामुळे पेशी मेल्या असल्या तरी लालच दिसतील. त्याच पेशी साध्या प्लेटमध्ये खनिजीकरणाच्या माध्यमात चार आठवडे वाढवून तपासा, आणि सोबत साध्या माध्यमातली प्लेट तुलनेला ठेवा.